निर्यातीची द्राक्षे : खरड छाटणीपासून कंटेनरच्या दारापर्यंत

युरोपीय संघाने ज्या रसायनाची अवशेष-मर्यादा स्वतंत्रपणे ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा लागू होते. हिशेब मांडला तर १०० टन द्राक्षांत अवघा एक ग्रॅम. १०० टन म्हणजे सात-आठ कंटेनर माल. ज्या शेतकऱ्याला पहिल्यांदाच निर्यातीची बाग धरायची आहे, त्याने मण्याची जाडी आणि गोडी यांच्याही आधी हा आकडा डोक्यात ठेवावा, कारण बारीक मण्याची द्राक्षे निदान स्थानिक बाजारात विकली जातात, पण अवशेषांत अडकलेला माल रॉटरडॅमच्या बंदरात उभा राहिला की त्याचा खर्चही आपल्याच अंगावर येतो.

हे शहाणपण द्राक्षपट्ट्याला ठेचा खाऊन आलेले आहे. १९९१ साली बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभी केली आणि नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या भागांतील माल युरोपात नियमितपणे जाऊ लागला. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अवशेषांवरून नेदरलँड्समध्ये माल अडला आणि त्यातूनच पुढे २००६ मध्ये अपेडाने, म्हणजे केंद्र सरकारच्या कृषिमाल निर्यात प्राधिकरणाने, ग्रेपनेट ही प्रणाली सुरू केली, ज्यात पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांनी पुन्हा दणका दिला आणि अनेक बागायतदारांचा तो हंगाम पाण्यात गेला. एवढे होऊनही २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षे बाहेर गेली आणि त्यांचे मूल्य ३,४६० कोटी रुपयांच्या घरात होते. ही वाढ केवळ क्षेत्र वाढल्याने झालेली नाही. फवारणीची वही लिहिण्याची सवय लागल्याने झालेली आहे, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. थंड प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात आणि पीक मात्र एकच घेतले जाते. एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरमधील गोडी छाटणी फळासाठी. निर्यातीचा विचार बहुतेक जण ऑक्टोबरनंतर सुरू करतात आणि तिथेच चुकतात. खरड छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या ते सत्तराव्या दिवसांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, घडाची निर्मिती होत असते, आणि त्या काळात ओलांड्यावर, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या खोडावर, भरपूर ऊन पोहोचले नाही, तर पुढे कितीही खर्च केला तरी काडीवर गोळीघड, म्हणजे नीट न वाढलेले निकामी घडच, दिसतात. त्यामुळे मे महिन्यातच काड्यांची विरळणी करून गर्दी मोडावी, सहाव्या-सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन, म्हणजे तिथून फुटणारी पोटकाडी, घ्यावी आणि पावसाळा सुरू होताच नत्र आवरते घ्यावे.

शेंडा रोखण्यासाठी पूर्वी सर्रास क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी 'सीसीसी', फवारले जात असे. हे संजीवक, म्हणजे वाढीवर परिणाम करणारे रसायन, वेलाच्या शरीरात टिकून राहते आणि महिन्यांनंतर मण्यांत उतरते. २०१० चा घोटाळा त्यातूनच झाला. निर्यातीच्या बागेत ते वापरू नये, शेंडा हातानेच खुडावा. मजुरीचा खर्च वाढतो हे खरे, पण या जागी पर्याय नाही.

गोडी छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी बागेच्या निरनिराळ्या भागांतून काड्या कापून डोळे तपासून घ्यावेत. प्रयोगशाळेत डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि घड कितव्या डोळ्यावर आहे ते सांगतात. छाटणी त्या डोळ्यावर घ्यावी, शेजाऱ्याने सहाव्यावर घेतली म्हणून आपणही सहाव्यावर घेऊ नये. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात, म्हणजे ते डोळ्यांवर चोपडतात. हे द्रावण कातडीला भाजते, म्हणून हातमोजे आवश्यक आहेतच; शिवाय हे काम करणाऱ्याने त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला स्पर्शही करू नये, कारण या दोहोंचा शरीरात होणारा मिलाफ चेहरा लाल होण्यापासून छातीत धडधड होण्यापर्यंत गंभीर त्रास देतो. टोळीच्या मुकादमाला हे स्पष्ट शब्दांत सांगावे, लाजू नये.

फुटी निघाल्यावर फेलफूट, म्हणजे घड नसलेली फूट, काढावी आणि दीड चौरस फुटाला एक घड या हिशेबाने बाकीचे घड कात्रीने उतरवावेत. हे करताना पहिल्या वर्षी प्रत्येकाचा हात थरथरतो. चांगला दिसणारा घड काढून टाकणे म्हणजे नोट फाडल्यासारखे वाटते. परंतु युरोपच्या ग्राहकाला १८ मिलिमीटरचा, एकसारखा, हिरवा-पोपटी मणी हवा असतो, आणि वेलीवर जास्त भार असताना तो मणी तयार होत नाही. घड पोपटी अवस्थेत, म्हणजे फुलण्यापूर्वी कोवळा असताना, जिबरेलिक अॅसिड या संजीवकाची पहिली हलकी फवारणी १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) आसपास घेतात, त्याने घड लांबतो. पुढे मणी ३-४ मिलिमीटरचे आणि मग ६-७ मिलिमीटरचे झाल्यावर डिपिंग करतात. एका हाताने घड धरून दुसऱ्या हातातील मगातल्या संजीवकाच्या द्रावणात तो बुडवायचा आणि मग हलकेच झटकायचा, कारण तळाशी थेंब साचून राहिला तर त्या मण्यांवर चट्टे पडतात. दोन डिपिंगच्या दरम्यान विरळणी होते. घडात साधारण शंभर ते सव्वाशे मणी ठेवून मधले, बारीक आणि आत दबलेले मणी काढतात. या कामात बायांचा हात बसलेला असतो. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्या छाटणी, डिपिंग आणि विरळणी या क्रमाने गावोगाव फिरतात, म्हणून त्यांच्याशी तारीख आधीच बोलून ठेवावी.

डिसेंबर-जानेवारीत नाशिक भागात रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की पिकत आलेल्या हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक चढते. त्याला 'पिंक बेरी' म्हणतात आणि असा घड निर्यातीतून बाद होतो. मण्यांत पाणी उतरण्यापूर्वी, म्हणजे ते मऊ पडू लागण्यापूर्वी, प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळणे हा यावरचा स्वस्त उपाय अजून टिकून आहे. थंडीच्या सकाळी दिंडोरी-निफाडच्या रस्त्याने गेले तर बागांत घड नव्हे, रद्दीच लटकलेली दिसते.

आता अवशेषांचा विषय सविस्तर घेऊ, कारण खरी परीक्षा इथे आहे. प्लॉटची नोंदणी दर हंगामात कृषी विभागाकडे नव्याने करावी लागते. गेल्या वर्षी केली होती म्हणून या वर्षी चालत नाही. सातबारा, प्लॉटचा नकाशा आणि वाण यांचा तपशील नीट द्यावा, कारण पेटीवरचा क्रमांक याच नोंदीशी जोडला जातो. पुणे येथील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने प्रसिद्ध केलेली शिफारशीत औषधांची यादी छापून फवारणीच्या खोलीत चिकटवावी. त्या यादीत औषधाचे नाव, मात्रा, युरोपची अवशेष-मर्यादा आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची हे दिलेले असते. यादी बदलते, म्हणून जुनी फाडून नवी लावावी. क्लोरपायरीफॉस, क्लोरोथॅलोनिल आणि मॅन्कोझेब या आपल्याकडे पिढीभर वापरल्या गेलेल्या औषधांच्या मंजुऱ्या युरोपने २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत संपवल्या. दुकानदार ती आजही 'जुनी, खात्रीची' म्हणून पुढे करतो.

फवारणीची वही रोजच्या रोज लिहावी. तारीख, प्लॉट, औषधाचे तांत्रिक नाव, बॅच क्रमांक, मात्रा, पाणी आणि फवारणाऱ्याचे नाव, एवढे रकाने पुरेत. हंगामाच्या शेवटी बसून आठवणीने भरलेली वही तपासणाऱ्याला पहिल्याच पानावर ओळखू येते, कारण सगळी पाने एकाच शाईत आणि एकाच हातची असतात.

वही खरी असूनही अवशेष-तपासणीसाठी काढलेला द्राक्षांचा नमुना नापास होऊ शकतो. एका वर्षी माझ्या बागेच्या नमुन्यात असे एक कीटकनाशक सापडले, जे मी दोन वर्षांत विकतही घेतले नव्हते. शोध घेता ते 'जैविक टॉनिक' म्हणून घेतलेल्या बिनलेबलच्या बाटलीतून आले होते. भुरी आणि फुलकिडे एका रात्रीत घालवणारे 'बायो' उत्पादन हे बहुधा बायो नसतेच, एवढे त्या दिवसापासून मी गाठीला बांधले. ज्याच्या वेष्टनावर घटक छापलेले नाहीत आणि ज्याचे पक्के बिल मिळत नाही, ते बागेत नेऊ नये. दुसरी वाट शेजारच्या रानाची. बांधापलीकडे टोमॅटो किंवा कांदा असेल तर वाऱ्याबरोबर त्यांची फवारणी आपल्या कडेच्या ओळींवर येते. शेजाऱ्याशी बोलून घ्यावे, आणि जमत नसेल तर कडेच्या दोन ओळी निर्यातीतून वगळून त्यांचा माल स्थानिक बाजाराला द्यावा. तिसरी वाट आपल्याच ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या, टाकीची, ती प्रत्येक वेळी धुतली गेली पाहिजे.

नमुना अपेडाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचा माणूस स्वतः प्लॉटवर येऊन घेतो. नमुना दिल्यापासून खुडा होईपर्यंत कोणतेही रसायन फवारू नये, अवकाळी पाऊस झाला तरी. हा निर्णय अवघड असतो, म्हणूनच नमुन्याची तारीख हवामानाचा अंदाज पाहून ठरवावी.

खुड्याच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरने गोडी मोजावी. घडाच्या खांद्यावरचे मणी आधी गोड होतात आणि टोकाचे शेवटी, म्हणून नुसता वरचा मणी चाखून समाधान मानू नये; टोकाच्या मण्याचा ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे मोजमाप, १६ च्या पुढे गेल्यावरच कात्री लावावी. खुडा सकाळी, दव सुकल्यावर, उन्हे तापण्यापूर्वी उरकावा. घड देठाला धरूनच हाताळावा, कारण मण्यावरची पांढुरकी लव बोटाने पुसली गेली की ती परत येत नाही आणि खरेदीदार ताजेपणा तिच्यावरूनच जोखतो. कागद अंथरलेल्या क्रेटमध्ये एकच थर ठेवून माल सावलीत आणावा आणि चार-सहा तासांत पॅकहाऊसच्या प्रीकूलिंगमध्ये जाईल असे बघावे. तिथे गराचे तापमान चार अंशांच्या खाली आणून, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड घालून, माल शून्याच्या आसपास ठेवतात. बागेत गेलेला एक तास पुढे शीतगृहात कितीही दिवस ठेवून भरून निघत नाही.

सौदा तोंडी करू नये. निर्यातदाराशी दर, प्रतवारी, नाकारलेल्या मालाचे काय करायचे आणि पैसे किती दिवसांत मिळणार हे लेखी ठरवावे. दर ठरलेला आहे की तिकडे विक्री झाल्यावर खर्च वजा करून मिळणार आहे, हे आधीच विचारावे. दर हंगामात द्राक्षपट्ट्यात पैसे बुडाल्याच्या तक्रारी होतात आणि त्यांत हाती कागद असलेले फार थोडे असतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि न्हावा शेव्याहून रॉटरडॅमचा प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. अशा वेळी मऊ पडणारा, जास्त पिकलेला माल चालत नाही, म्हणून जहाज कोणत्या मार्गाने जाणार हे खुड्याची तारीख ठरवतानाच निर्यातदाराला विचारून घ्यावे.

माल पोहोचल्यावर तिकडचा दर्जा-अहवाल प्लॉट क्रमांकासह मागून घ्यावा. देठ सुकले होते का, मणी गळले का, कूज किती होती, हे त्यात असते. तो अहवाल फवारणीच्या वहीतच चिकटवावा; तो हाती येईपर्यंत बहुधा पुढची खरड छाटणी तोंडावर आलेली असते.