घोड्यावर बसवण्याआधी पोराची रिकीब हाताने मोजा
कोल्हापूरच्या रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर लहान पोरं घोड्यावर बसतात तेव्हा रिकिबी (पाय अडकवायच्या कड्या) बऱ्याचदा मोठ्यांच्या मापाच्या असतात. पाय लोंबकळतात, तोल जातो.

१. रिकिबीचा पट्टा खोगिराला जिथे अडकवलेला असतो, तिथे पोराच्या बोटांची टोकं टेकवा. हात सरळ ठेवून रिकीब काखेकडे ताणा. काखेला टेकली की माप साधारण जमलं. नाहीतर घोडेवाल्याकडून पट्टा कमी-जास्त करून घ्या. हात पोचत नसेल तर पोराला उचला.

२. तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) आणि घोड्याचं पोट यांत दोन बोटं जेमतेम जावीत. सैल तंगावर खोगीर फिरतं.

३. रिकिबीत फक्त चवडा, टाच खाली.

पायात टाचेचा बूटच हवा. चपलेतला पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेलं पोर फरफटत जाऊ शकतं.