बायोस अपडेटनंतर कॉम्प्युटर अडला? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

बायोस अपडेट केला, कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला आणि विंडोज काही उघडेना. अशा वेळी सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे "फॉरमॅट मारा". तो ऐकू नका. बायोस म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. तो मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो, बहुतेक बोर्डांवर ती १६ किंवा ३२ मेगाबाइटची असते. अपडेट तेवढीच चिप पुसतो आणि नव्याने लिहितो. तुमच्या डिस्कवरच्या एका फाइललाही तो हात लावत नाही. बदलतं ते एवढंच, की बोर्ड बसवताना कोणीतरी केलेल्या सेटिंग्ज जातात आणि कंपनीच्या मूळ सेटिंग्ज परत येतात. मी आजवर सोडवलेल्या बहुतेक अडचणी इथूनच निघाल्या आहेत. त्यामुळे हरवलेली सेटिंग शोधायची आणि होती तशी करायची, एवढंच काम असतं. फॉरमॅटने मात्र तुमचा डेटा जातो, आणि ती चुकीची सेटिंग जागच्या जागी राहते.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

थांबा. डीडीआर५ रॅमच्या बोर्डाला अपडेटनंतर पहिल्यांदा चालू होताना रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणारी मोजमापं, नव्याने करावं लागतं, कारण आधीची पुसली गेलेली असतात. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर, त्यातही रॅम जास्त असेल तर, यात कित्येक मिनिटं जातात. बोर्डवर 'डीरॅम' लिहिलेल्या जागी छोटा दिवा पेटलेला दिसतो, मधेच कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालूही होतो. घड्याळ लावून १५ मिनिटं बसा. मधेच बटण दाबून बंद केलंत, तर सगळं पहिल्यापासून.

१५ मिनिटांनीही काही दिसलं नाही, तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, ते बघा. मग सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज साठवलेली जागा, क्लिअर करा: पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, सीआर२०३२ सेल काढून दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि परत बसवा. ग्राफिक्स कार्ड फारच जुनं असेल तर नव्या बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीची कार्डं आणि विंडोज चालवणारी सोय) बंद झाल्यामुळेही चित्र येत नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर केबल बोर्डाच्या पोर्टला लावून सीएसएम चालू करा.

एवढ्यानेही बोर्ड हलला नाही, तरच बायोस अर्धवट लिहिला गेल्याची शंका घ्या. मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस लिहिण्याचं) बटण असेल तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बायोसची फाइल टाका. फाइलचं नाव पुस्तिकेत सांगितलंय तेच, अक्षरन् अक्षर तसंच हवं. पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्ये लावा, बटण दाबा आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत कशाला हात लावू नका. बटण नसेल, तर प्रोग्रामर लावून चिप थेट लिहून देणारा कारागीर गाठा. सांगली असो की सोलापूर, लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांकडे हे यंत्र असतं.

बायोस उघडतो, विंडोज सापडत नाही

बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा. यादीत ते नावच नसेल पण डिस्क दिसत असेल, तर विंडोज बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं आहे. सीएसएम चालू करा. विंडोजचं चिन्ह दिसून लगेच 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं आलं, तर स्टोरेजचा प्रकार, म्हणजे बायोस डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग, बदललाय. एएचसीआय असेल तर रेड किंवा व्हीएमडी करा, ते असेल तर एएचसीआय. नुसता प्रकार बदलून पाहिल्याने डेटा जात नाही. पण बायोसने नवा रेड अ‍ॅरे (डिस्कांचा गट) बनवू का असं विचारलं, तर नाही म्हणा.

वाय की एन, आणि ४८ आकडी किल्ली

इथे मात्र सावकाश वाचा, कारण चुकलात तर परत फिरता येत नाही अशी ही एकच जागा आहे.

एएमडीच्या बोर्डांवर अपडेटनंतर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक मजकूर येतो. नवा प्रोसेसर बसवला आहे, किंवा एफटीपीएमची (डिस्कची किल्ली सांभाळणाऱ्या, प्रोसेसरमधल्या टीपीएमची) नोंद खराब झाली आहे अथवा तिची रचना बदलली आहे, असं तो सांगतो. वाय दाबलंत तर एफटीपीएम रीसेट होईल, एन दाबलंत तर जुनी नोंद तशीच राहील. व्हिडिओंमध्ये सर्रास सांगतात, "वाय दाबा आणि पुढे जा." मीही एकदा तेच केलं होतं.

२०२२ सालची गोष्ट. तेव्हा एएमडीच्या कॉम्प्युटरांमध्ये एफटीपीएममुळे चित्र आणि आवाज मधेच क्षणभर अडखळायचे, आणि त्यावरचा उपाय बायोस अपडेटमधूनच आला होता. आतेभावाचा कॉम्प्युटर त्यासाठी मी अपडेट केला. मजकूर आला, मी वाय दाबलं, आणि समोर बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, निळी स्क्रीन: ४८ आकडी रिकव्हरी की द्या. बिटलॉकर चालू आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दुकानाची सगळी बिलं त्या डिस्कमध्ये, जीएसटीचा भरणा तोंडावर. "दादा, जुनं राहू दे, नवी डिस्क घेऊन पुढचं तरी चालू करू का?" असं तो म्हणाला, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. त्याचं खातं पाहिलं, वहिनीचं पाहिलं, की कुठेच नाही. तिसऱ्या दिवशी सुचलं आणि विचारलं, की हा कॉम्प्युटर पहिल्यांदा लावून कोणी दिला होता? त्याच्या मुलीने. तिने सुरुवातीला स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं होतं. की तिच्या खात्यात होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे.

तो मजकूर आला तर एन दाबा. नोंद शाबूत राहिली, की परतीची वाट उघडी राहते.

मग लगेच की शोधायला धावू नका, आधी बायोसमध्ये जा. टीपीएम ही कॉम्प्युटर सुरू होतानाची स्थिती तपासणारी कुलूपपेटी आहे. ती स्थिती ओळखीची वाटली तरच ती डिस्कची किल्ली सोडते. सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद पडलं असेल, सीएसएम बदललं असेल, किंवा टीपीएमच बंद होऊन बसलं असेल, तर ती किल्ली देत नाही आणि निळी स्क्रीन येते. ही तिन्ही पूर्वी होती तशी करा. टीपीएम एएमडीवर एफटीपीएम आणि इंटेलवर पीटीटी या नावाने सापडेल. पुष्कळदा एवढ्यानेच निळी स्क्रीन जाते आणि की लागतच नाही. हे करताना 'इरेज एफटीपीएम एनव्ही' किंवा 'क्लिअर टीपीएम' अशा नावाच्या पर्यायाला हात लावायचा नाही. मधे सीमॉस क्लिअर केलं असेल, तर या तिन्ही सेटिंग्ज पुन्हा तपासा. त्याही मूळ पदावर गेलेल्या असतात.

स्क्रीन तरीही आली, तर तिच्यावर की आयडी दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं कागदावर लिहून घ्या. फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून डिव्हाइसेसच्या भागातल्या रिकव्हरी कीज उघडा आणि त्याच आठ अक्षरांची की शोधा. एकाहून जास्त असतील तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका, आयडी जुळवा. स्वतःच्या खात्यात नाही मिळाली तर ज्याने कॉम्प्युटर पहिल्यांदा सेट केला त्याला विचारा. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर की बहुधा तिथल्या आयटीवाल्यांकडे असते. जुन्या पेनड्राइव्हवर किंवा छापलेल्या कागदावरही असू शकते.

की टाकून विंडोज उघडलं, की कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. मग रीस्टार्ट. तो मजकूर पुन्हा आला तर आता वाय दाबा. विंडोज उघडल्यावर बिटलॉकर रिझ्यूम करा. सस्पेंड केल्याशिवाय वाय दाबायचं नाही, घाई कितीही असो. रीसेटनंतर विंडोजचा पिन चालत नाही, तो नव्याने ठेवावा लागतो. त्यासाठी खात्याचा पासवर्ड आठवत असला पाहिजे.

की कुठेच सापडली नाही आणि तुम्ही एन दाबलेलं असेल, तर बायोसची जुनी आवृत्ती परत टाकून पाहा. काही बोर्ड जुनी आवृत्ती घेत नाहीत, पण जे घेतात त्यांच्यावर विंडोज पूर्वीसारखं उघडण्याची शक्यता शिल्लक असते. वाय दाबून बसला असाल आणि की नसेल, तर मायक्रोसॉफ्टही ती काढून देऊ शकत नाही. "तोडून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराला पैसे देऊ नका.

आणि "मी कधी बिटलॉकर चालूच केलं नाही" यावर विसंबू नका. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं, की बहुतेक कॉम्प्युटरांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. तिथे कंट्रोल पॅनेलमध्ये सस्पेंडचा पर्याय मिळत नाही. म्हणून होमवर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, बायोसचं काम आटपा आणि मग परत चालू करा.

उरलेलं

कॉम्प्युटर मंद वाटतोय? एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद झालंय आणि रॅम मूळ वेगावर, म्हणजे डीडीआर४ बहुतेकदा २१३३ वर आणि डीडीआर५ ४८०० वर चालतेय; चालू करा. चालू केल्यावर अडखळायला लागला, तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा.

व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) उघडत नाही: एएमडीवर एसव्हीएम, इंटेलवर व्हीटी-एक्स चालू करा.

पंखे ओरडतात: पंख्यांचा वेग पुन्हा लावा.

इंटरनेट चालतंय पण बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही: सेल काढला होता, तारीख मागे गेली आहे. ती दुरुस्त करा.