गार्टर सापांची वीण आणि नवजात पिल्लांचं संगोपन : पुण्याच्या हवेत कसं जमवावं

गार्टर साप मूळचा उत्तर अमेरिकेतला. आपल्या नानेटीचा आणि पाणदिवडीचा तो दूरचा भाऊबंद, आणि अंगावरचे लांब पट्टे पाहिले की नानेटीच आठवते. पण नानेटी अंडी घालते. गार्टरची मादी जिवंत पिल्लं देते, बहुतेकदा एका वेळी दहा ते चाळीस. म्हणून वीण करण्याआधीच दोन गोष्टी ठरवा: इतकी पिल्लं कोण सांभाळणार, आणि पहिल्या आठवड्यापासून ती खाणार काय?

त्याआधी कायद्याचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 आपल्या देशी सापांना संरक्षण देतो. कुणी नानेटी गार्टर म्हणून देऊ केली तर घेऊ नका. परदेशी साप घेताना आयातीची कागदपत्रं आणि पक्कं बिल मागा, आणि नोंदणीबद्दल वन विभागाकडे लेखी विचारणा करा. कागद नसतील तर जोडी कितीही देखणी असली तरी व्यवहार थांबवा.

जोडी. नर दुसऱ्या वर्षी तयार होतो. मादीला मात्र तिसरं वर्ष लागू द्या आणि लांबी किमान 60 सेंमी असू द्या. लहान मादी गाभण राहते, पण पिल्लं अडकून दगावण्याचा धोका असतो. नराची शेपटी लांब आणि बुडाशी जाड असते. मादीची झटकन निमुळती होते.

थंडीची झोप. पुण्यात जास्त चुका इथेच होतात. जानेवारीत पहाटे पारा 10-11 अंशांवर येतो, म्हणून डबा गॅलरीत ठेवला की काम झालं असं वाटतं. पण दुपारी तोच पारा 28-30 वर जातो. साप रोज अर्धवट जागा होतो, अंगातली चरबी जाळतो आणि वाळत जातो. विणीआधी त्याला सलग थंडी हवी. छोटा फ्रिज किंवा वाइन कूलर घ्या, त्याला बाहेरून डिजिटल थर्मोस्टॅट जोडा आणि त्याचा सेन्सर सापाच्या डब्यातच ठेवा. हा फ्रिज स्वयंपाकघरातला नको. सापांच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात.

1 डिसेंबरला खाणं बंद करा, पण ऊब पुढचे दोन आठवडे चालू ठेवा, म्हणजे पोट रिकामं होईल. पोटात राहिलेलं अन्न थंडीत पचत नाही, सडतं, आणि साप मरतो. मग दोन आठवड्यांत तापमान हळूहळू 10-12 अंशांवर आणा. आठ ते दहा आठवडे अंधार, ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पाण्याची वाटी. रोज मिनिटभर दार उघडून हवा बदला, आठवड्याला वजन करा. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर झोप तिथेच संपवा.

मिलन. मार्चच्या सुरुवातीला आठवडाभरात तापमान वाढवा आणि दोघांना वेगवेगळ्या पेट्यांत खायला द्या. मादीने कात टाकली की नराला तिच्या पेटीत सोडा. तो हनुवटी तिच्या पाठीवर घासत पुढे सरकू लागला की समजावं. जुळलेली जोडी ओढून सोडवू नका, इजा होते. दोन-तीन दिवसांनी नर बाहेर काढा.

गाभण मादी. पिल्लं सुमारे तीन महिन्यांनी होतात, म्हणजे गर्भारपण नेमकं आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात येतं. पेटीच्या एका टोकाला 30-31 अंश, दुसऱ्याला 24 असा फरक ठेवा. मादी आपली जागा आपण निवडते. खोली 35 च्या वर गेली तर पेटीला ऊब देणारा दिवा बंद करा आणि कूलर लावा. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तिने खाणं सोडलं तर घाबरू नका. पाणी मात्र कायम भरलेलं हवं.

जन्म. जूनच्या मध्याला पेटीची प्रत्येक फट तपासा. पिल्लं 15 ते 20 सेंमी लांब आणि पेन्सिलीहून बारीक असतात. 4 मिमीची फटही त्यांना पुरते. ती पातळ आवरणात जन्मतात आणि ते स्वतःच फाडतात. पंधरा-वीस मिनिटांत एखाद्याला जमलं नाही तर ओल्या कापसाने आवरण तोंडावरून हळूच बाजूला करा. न फळलेल्या अंड्यांचे पिवळट गोळे पडतील, ते उचलून टाका. मग पिल्लं वेगळी करा.

पाच-सहा लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात तीन-चार पिल्लं, खाली टिश्यू पेपर, उथळ पाणी आणि ओल्या मॉसची (शेवाळाची) एक डबी. डब्याची भोकं तापवलेल्या बारीक सुईने पाडा. ऊब 26-28 अंश. मॉस फक्त डबीत ओलं हवं, तळ कोरडा. पावसाळ्यात अख्खा डबा दमट राहिला की पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. उलट फार कोरडं झालं की कात शेपटीच्या टोकाला अडकते आणि टोक गळून पडतं.

खाणं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुरू करा. इथे एक चूक प्राणघातक आहे: गांडूळखताच्या खड्ड्यातले गांडूळ देऊ नका. पुण्यात ते गच्चीगच्चीवर मिळतात, म्हणून मोह होतो. पण आयसेनिया फेटिडा ही लालसर, पिवळट पट्ट्यांची जात चिवडली की उग्र वासाचा पिवळा द्रव सोडते. त्यातलं लायसेनिन हे द्रव्य गार्टरला विषारी ठरतं. पहिल्या पावसात बागेच्या मातीतून वर येणारे साधे गांडूळ घ्या, तेही कीटकनाशक न मारलेल्या जागेचे. धुऊन, एक सेंमीचे तुकडे करून द्या.

दुसरा आधार मासे. उजनीची चिलापी (तिलापिया) पुण्याच्या बाजारात सहज मिळते आणि तिच्यात थायामिनेज नसतं. हे विकर अंगातलं ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. गोल्डफिश, कार्प, तारली यांत ते असतं आणि फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. महिनोन्महिने असे मासे खाल्लेला साप थरथरतो, मान वाकडी करतो, सरळ सरपटू शकत नाही. चिलापी महिनाभर फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे बहुतेक परजीवी मरतात, मग पातळ काप करून द्या. नुसत्या कापांत हाड नसतं, म्हणून त्यावर कॅल्शियमची चिमूट टाका. अख्खे गप्पीही चालतात.

आठवड्यातून तीनदा खाऊ घाला, आणि प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र डबीत. दोघांनी एकच तुकडा दोन टोकांनी धरला तर मोठं पिल्लू धाकट्यालाच गिळत जातं. डबीतून परत ठेवताना तोंडाला माशाचा वास राहिला असेल तर ओल्या बोटाने पुसा.

न खाणाऱ्याला आधी उथळ बशीत छोटा जिवंत गप्पी द्या. त्याची हालचाल पाहून अनेक हट्टी पिल्लं सुरुवात करतात. चिलापीच्या कापावर गांडुळाचा चिकट ओलावा चोळणं हा दुसरा उपाय. दोन आठवडे काहीच गेलं नाही, तर जबरदस्ती न करता सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या. दोन-तीन महिन्यांनी उंदराच्या नवजात पिल्लाचे तुकडे माशाचा वास लावून द्यायला लागा. पुढे हाच मुख्य आहार ठेवता येतो, आणि ब-1 ची काळजीही कमी होते.

पिल्लं दुसऱ्यांकडे देण्याआधी सलग पाच-सहा वेळा खाल्ल्याची नोंद असू द्या: तारीख, काय खाल्लं, वजन. घेणाऱ्याकडे ही वही, बिलाची प्रत आणि गांडुळांबद्दलचा इशारा लेखी द्या. जागा मिळाली नाही म्हणून एकही पिल्लू मुठेकाठी किंवा टेकडीवर सोडू नका. बाहेरचा साप आपल्याकडच्या बेडकांवर ताव मारेल आणि त्याच्या अंगावरचे रोग इथल्या नानेटी-दिवडीला लागू शकतील. जागा आठच पिल्लांची असेल, तर यंदा जोडी वेगळीच ठेवा.