दोन लाख किलोमीटर पळालेली एसयूव्ही घेतलीत? उन्हाळ्याआधी ही कामं उरका

दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की आपल्या भागात जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, सफारी दारात उभ्या राहू लागतात. बहुतेकींचा काटा दोन लाखांच्या आसपास असतो. आणि नव्या मालकाचा पहिला खर्च होतो सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि मागच्या काचेवरच्या नावावर. तो पैसा आत्ता राखून ठेवा. नीट निगा राखली तर डिझेल गाडी या काट्यानंतरही बरीच वर्षं साथ देते, पण त्याआधी ती ब्रेक दाबल्यावर थांबली पाहिजे आणि मे महिन्याच्या उन्हात थंड राहिली पाहिजे. खर्चाचा क्रमही तोच ठेवा.

कागद

फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करा. घेणाऱ्याला त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. विमा नावावर करायचा अर्ज मात्र १४ दिवसांच्या आत द्या, नाहीतर उद्या गाडी ठोकली गेली तर दुरुस्तीचा दावा अडकतो. गाडीवर कर्ज होतं का, ते आरसी बुकात दिसतं. असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागून घ्या. थकलेली ई-चालानं बघा. गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर फिटनेस आणि पुनर्नोंदणीचा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

आधी ब्रेक, मग टायर

चारही चाकं उतरवून मिस्त्रीसमोर उभे राहा. पुढचे पॅड ३ मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर बदलाच. मागचे ड्रम उघडून आतली धूळ काढायला सांगा. पांदणीचा चिखल आत जाऊन वाळतो आणि लायनर घासत राहतो. चाकाजवळचे रबरी ब्रेक पाइप वाकवून बघा, चिरा दिसल्या तर नवे घाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आधीच्या मालकाने बदललं की नाही कळायला मार्ग नसेल, तर बदललं नाही असंच धरा.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून समाधान मानू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. सहा वर्षांपुढचा टायर गावातल्या गावात चालेलही, पण समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर भर दुपारी असा टायर घेऊन जाणं म्हणजे घरातल्या माणसांचा जीव टांगणीला लावणं. स्टेपनीवरचे आकडेही वाचा.

चाकं जोडली की पुढचं एकेक चाक जॅकवर उचला. बाकीच्या चाकांना गोटे लावायला विसरू नका. चाक वर-खाली धरून हलवा, खटखट झाली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलंय. डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉड एंड बघा. मागच्या पाट्यांचे बुश आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉसही याच वेळी तपासा आणि ग्रीस भरून घ्या.

गाडी थंड ठेवणं

विदर्भात सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं लागतं. पारा ४५ च्या वर जातो, घाटात एसी चालू, मागे सात माणसं, अशा वेळी रेडिएटर अर्धा बुजलेला असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) उडतं आणि इंजिन उघडावं लागतं.

इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, रेडिएटरची टोपी काढा. आतलं पाणी हिरवं, लाल किंवा निळं, पण स्वच्छ दिसायला हवं. तपकिरी गढूळ पाणी म्हणजे आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातली गाडी असेल तर आत क्षार धरलेच म्हणून समजा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर गाडी सुरू न करता जाणत्या मिस्त्रीला दाखवा. रेडिएटर आतून धुऊन घ्या, आणि कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. जुने होज पाइप दाबून बघा. फुगलेले किंवा कडक झालेले असतील तर कूलंटसोबतच बदला. टोपीचं रबर चिरलं असेल तर टोपी नवी घ्या, कारण आतला दाब तीच धरून ठेवते.

आता बॅटरी घेऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत उजेड पाडा. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र जिनिंगची रुई, सोयाबीनचं कुटार आणि काळी धूळ मिळून गोधडीसारखा थर जमलेला असतो. हवा तिथेच अडते. कंडेन्सर सैल करून पुढे घ्यायला लावा आणि इंजिनकडून बाहेरच्या बाजूला हलक्या धारेने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जोराचा प्रेशर जवळून मारला तर पातळ पत्र्या दुमडतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद होतो. कापूस वेचणीच्या हंगामानंतर हे काम दरवर्षी करावं.

काही मिस्त्री "आपल्याकडे ऊन लय हाय" म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून टाकतात. तसं करू देऊ नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल जास्त पितं आणि झिजतं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. आधीच काढलेला असेल तर नवा बसवा.

तेलं आणि फिल्टर

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर एकदमच बदला. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेला वापरा. डिझेल गाडीचं नवं ऑइल लगेच काळं पडतं, त्याने घाबरू नका. जुन्या इंजिनात कडक फ्लश (आतली घाण धुणारं रसायन) घालण्यापेक्षा पहिलं ऑइल हजार-दोन हजार किलोमीटरवर काढून पुन्हा नवं भरलेलं बरं, साचलेली घाण हळूहळू निघून येते.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या तेलाकडे सहसा कुणी बघत नाही. तीही बदला. फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केसचंही. आणि फोर बाय फोर लावून कोरड्या डांबरावर गाडी पळवू नका, ते चिखलासाठी आहे.

डिझेल फिल्टरखालच्या नटातून साचलेलं पाणी अधूनमधून काढत जा. फुफाट्यात रोज फिरत असाल तर एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या कितीतरी आधी बघावा लागतो. डब्याचं झाकण आणि रबर घट्ट बसलंय ना, याची खात्री करा. धूळ टर्बोत शिरली तर त्यापुढचा खर्च मोठा आहे.

टायमिंगची, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणाऱ्या चेनची किंवा बेल्टची, चौकशी करा. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनात चेन असते. डस्टरच्या दीड लिटर डिझेलमध्ये बेल्ट असतो आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट केव्हा बदलला याचं बिल मिळालं नाही तर लगेच नवा घाला.

पावसाळा आणि उंदीर

काळी माती ओल धरून ठेवते. वावरातून आलं की चाकांच्या वरचा भाग आणि चॅसिसचे कोपरे धुऊन काढा, तिथूनच पत्रा कुजायला लागतो. पोत्यांच्या थप्पीजवळ गाडी उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा बोनेट उघडा. वायरी कुरतडलेल्या आणि एसीच्या ब्लोअरमध्ये चिंध्या दिसल्या तर आधी जागा बदला, मग वायरिंग नीट करा.

डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवा. काय बदललं, कोणत्या तारखेला, काट्यावर किती किलोमीटर असताना आणि कोणता ग्रेड, एवढं लिहा आणि बिलं त्यातच टोचा. सगळं झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, आणि हजार किलोमीटर झाले की गाडीखाली वाकून कुठे तेल-पाणी गळतंय का ते बघा. त्यानंतर सीट कव्हरचं दुकान गाठायला हरकत नाही.