प्राचीन जगावरचे विसरलेले चित्रपट कसे पाहावेत: आधी प्रत तपासा, मग चित्रपट लावा

रोम, इजिप्त, ग्रीस किंवा मगध-वैशालीवरच्या जुन्या चित्रपटांबद्दल एक तक्रार मी कायम ऐकतो: "लावला, अर्धा तास पाहिला, रटाळ वाटला, बंद केला." कोणती प्रत लावली होती, असं विचारलं की समोरचा गोंधळतो. चित्रपट म्हणजे चित्रपट, त्यात प्रत कसली? सगळी गफलत इथेच आहे. या चित्रपटांवर अन्याय झाला तो बहुतेक वेळा कापलेल्या, बाजू छाटलेल्या, रंग उडालेल्या किंवा भलत्याच भाषेत डब केलेल्या प्रतींमुळे. "हे दहा चित्रपट मरण्यापूर्वी पाहाच" छापाच्या याद्यांमध्ये याबद्दल एक ओळही नसते, म्हणून त्या याद्या मला निरुपयोगी वाटतात.

१. चित्रपट निवडा

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एकच नाव सांगतो: येझी कावालेरोविच यांचा पोलिश चित्रपट 'फाराओन' (१९६६). बोलेस्वाफ प्रूस यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. तरुण राजपुत्र तेरावा रामसेस आणि देवळाच्या तिजोरीवर बसलेले पुरोहित यांच्यातला हा संघर्ष. सुरुवातीलाच रस्त्यावर दोन शेणकिडे गोळा ढकलत असतात. ते पवित्र, म्हणून अख्खं सैन्य वाट बदलतं, आणि त्या नव्या वाटेत एका गुलामाने आपल्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं खपून खणलेला कालवा बुजवला जातो. सत्ता, धर्म आणि सामान्य माणूस यांचं नातं पहिल्या काही मिनिटांत समोर मांडणारी अशी सुरुवात मी दुसऱ्या कुठल्याही ऐतिहासिक चित्रपटात पाहिलेली नाही.

घरात मिश्र वयाची मंडळी असतील आणि इंग्रजी सबटायटल्स वाचायचा कंटाळा असेल, तर लेख टंडन यांचा 'आम्रपाली' (१९६६) घ्या. वैजयंतीमाला वैशालीची नगरवधू, सुनील दत्त मगधाचा अजातशत्रू, संगीत शंकर-जयकिशन यांचं. वेशभूषा आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांची, अजिंठ्याच्या चित्रांवरून घडवलेली. त्या वर्षी ऑस्करच्या परभाषी विभागासाठी भारताने हाच चित्रपट पाठवला होता. त्याला नामांकन मिळालं नाही. त्याच वर्षी त्याच विभागात 'फाराओन'ला मात्र मिळालं. 'आम्रपाली' तिकीटबारीवर पडला आणि पुढे गाण्यांच्या कार्यक्रमांपुरता उरला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्रीक शोकांतिका आवडत असतील तर मिखालिस काकोयानिस यांचा 'इफिजेनिया' (१९७७). आयरीन पपास यांची क्लितेम्नेस्त्रा, म्हणजे इफिजेनियाची आई, पाहिल्यावर ट्रॉयच्या युद्धाकडे आईच्या बाजूने पाहता येतं. रोमसाठी अँथनी मान यांचा 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' (१९६४). सम्राट मार्कस ऑरेलियस आणि त्याचा मुलगा कमोडस यांची ही कथा पुढे 'ग्लॅडिएटर'मुळे जगभर पोहोचली, पण अलेक गिनेस यांचा थकलेला, विचारी सम्राट इथे आहे. मूकपटाची तयारी असेल तर जोव्हान्नी पास्त्रोने यांचा 'काबिरिया' (१९१४).

एका वेळी एकच. चार चित्रपट एकदम उतरवून ठेवणारे लोक शेवटी एकही पाहत नाहीत.

२. प्रत तपासा

या टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलं आहे, म्हणून इथे घाई करू नका. चार गोष्टी बघायच्या: रुंदी, लांबी, भाषा आणि रंग.

आधी रुंदी. १९५३ नंतर टीव्हीशी टक्कर द्यायला पडदा रुंद झाला आणि प्राचीन जगावरचे भव्य चित्रपट बहुतेक त्या रुंद पडद्यासाठीच रचले गेले. 'फाराओन'ची चौकट उंचीच्या २.३५ पट रुंद आहे. हॉवर्ड हॉक्स यांच्या 'लँड ऑफ द फाराओज' (१९५५) या पिरॅमिडवरच्या चित्रपटाची तर २.५५ पट. हेच चित्रपट पुढे जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापले गेले. त्या टीव्हीची चौकट १.३३ पट. गणित करून पाहा: पहिल्यातलं सुमारे ४३ टक्के चित्र गेलं, दुसऱ्यातलं जवळपास निम्मं. मग वाळवंटातलं सैन्य म्हणजे चार शिपाई उरतात, दरबारात राजा बोलतो तेव्हा ऐकणारा पुरोहित दिसतच नाही, आणि आपण म्हणतो, दिग्दर्शकाला भव्यता जमली नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. चित्रपट सुरुवातीपासून लावू नका. सरळ गर्दीच्या दृश्यावर जा. 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर'मध्ये बर्फातल्या सीमेवरच्या किल्ल्यापाशी साम्राज्यभरातले राजे आणि सुभेदार मार्कस ऑरेलियससमोर जमतात, ते दृश्य काढा. कडेची माणसं अर्धी कापलेली दिसली, किंवा कॅमेरा विनाकारण डावी-उजवीकडे सरकतोय असं वाटलं, तर ती प्रत तिथेच सोडा. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर आनंद माना. "पट्ट्यांमुळे चित्र लहान दिसतं, झूम करून घ्या" हा सल्ला देणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. झूम केलं की कापाकापी तुम्हीच केलीत.

लांबी हा सगळ्यात फसवा भाग. मिनिटं कमी दिसली की लोक म्हणतात, "ही कापलेली प्रत." दर वेळी तसं नसतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चालतो. युरोपातली जुनी टीव्ही-पद्धत २५ चौकटींची होती, त्यामुळे तिथल्या डीव्हीडीवर तोच चित्रपट सुमारे ४ टक्के वेगाने पळतो. १८८ मिनिटांचा चित्रपट १८० वर येतो, आणि त्यातला एकही प्रसंग गेलेला नसतो. आवाज किंचित चढा लागतो, एवढंच. म्हणून आधी मूळ लांबीला ०.९६ ने गुणा. उत्तर तुमच्या प्रतीशी जुळलं तर निर्धास्त राहा. त्याहून बराच फरक असेल तरच शंका घ्या.

मूकपटात हा प्रकार आणखी बिकट होतो. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवत. वेग ठरलेला नसे, पण सेकंदाला १६ ते १८ चौकटी धरायला हरकत नाही. १६ चौकटींचा ३ तासांचा मूकपट कुणी २४ ने चालवला तर तो २ तासांत संपतो. 'काबिरिया'च्या २ तासांच्या आणि ३ तासांच्या अशा दोन्ही तऱ्हेच्या प्रती फिरतात. त्यांच्यातला फरक थोडा कापाकापीचा असू शकतो, थोडा वेगाचा. त्यामुळे इथे मिनिटांवर विसंबू नका, माणसांची चाल बघा. त्यातल्या मोलोख या देवाच्या देवळातले पुजारी तुरुतुरु धावत असतील तर वेग चुकला आहे. प्लेअरमध्ये वेग ०.७ ते ०.७५ करून पाहा. मूकपटाचे आवाज बिघडायचा प्रश्न नसतो, संगीत बंद ठेवा. पास्त्रोने यांनी त्या काळात कॅमेरा गाडीवर ठेवून अतिशय सावकाश पुढे सरकवला होता. प्रचंड देवळात आपण पायी शिरतोय असा भास त्यातून होतो. वेग चुकला की चित्रपटाचा हा सगळ्यात मोठा शोध मातीत जातो.

'फाराओन'चं म्हणाल तर त्याची लांबी कुठे ३ तास, कुठे अडीच तासांच्या आसपास दिलेली आढळते. मी तरी तेवढ्यावरून प्रत नाकारत नाही. रुंदी आणि भाषा बरोबर असेल तर घ्या.

भाषेबद्दल माझं मत पक्कं आहे: पोलिश चित्रपट पोलिशमध्ये, ग्रीक ग्रीकमध्ये. 'फाराओन'चे संवाद तुटक आणि थंड आहेत. पुरोहित आवाज चढवत नाहीत, तरी त्यांची भीती वाटते. इंग्रजी डबिंगमध्ये तीच माणसं नाटकी खलनायक होतात. अपवाद इटलीत बनलेल्या साठच्या दशकातल्या तलवारबाजीच्या चित्रपटांचा. त्यात वेगवेगळ्या देशांचे नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळ्यांचे आवाज नंतर भरले जात, त्यामुळे तिथे "मूळ आवाज" शोधण्यात अर्थ नाही. इटालियन घ्या किंवा इंग्रजी.

रंगाचं थोडक्यात: सगळं गुलाबी-तपकिरी दिसत असेल तर फिल्मचा रंग उडाला आहे. 'फाराओन'बाबत मात्र थांबा. त्यात रंग मुद्दाम थोडे आहेत, वाळूचा पिवळा, पांढरा, काळा, सोन्याचा. उझबेकिस्तानातल्या किझिलकुम वाळवंटात त्याचं बरंचसं चित्रीकरण झालं. हिरवागार इजिप्त शोधू नका आणि टीव्हीवरचे रंग चढवू नका.

३. सबटायटल्स जुळवा

प्रत चांगली, सबटायटल्स वेगळ्या फाइलमधून, आणि दोन्ही जुळत नाहीत, ही नेहमीची रड. इथे "व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच दाबत राहा" एवढंच सांगून लोक मोकळे होतात. तो अर्धाच उपाय आहे.

आधी चूक कोणती ते ओळखा. दहाव्या मिनिटाला एक संवाद तपासा, शंभराव्या मिनिटाला दुसरा. दोन्हीकडे सबटायटल सारखंच उशिरा येत असेल तर जी दाबून अलीकडे घ्या, सारखंच लवकर येत असेल तर एच दाबून पुढे ढकला. काम झालं. पण सुरुवातीला फरक अगदी थोडा आणि पुढे वाढत जाणारा असेल, तर ती फाइल २५ चौकटींच्या प्रतीसाठी बनवलेली आहे आणि तुमची प्रत २४ ची आहे, किंवा उलट. तासाला जवळपास अडीच मिनिटं सरकतात. अडीच तासांत सहा मिनिटं. बटणं दाबून हे कधीच सुटत नाही. 'सबटायटल एडिट' हा मोफत प्रोग्राम घ्या, 'सिंक्रोनायझेशन' मेनूत 'चेंज फ्रेम रेट' निवडा. सबटायटल्स हळूहळू पुढे धावत असतील तर २५ वरून २३.९७६ वर आणा (संगणकावरच्या २४ च्या प्रती बहुधा नेमक्या याच वेगाच्या असतात), मागे पडत असतील तर उलट करा. तरी नेमकं जुळलं नाही तर त्याच मेनूतलं 'पॉइंट सिंक' वापरा: एक संवाद सुरुवातीचा, एक शेवटचा, दोघांच्या खऱ्या वेळा द्या, मधलं सगळं तो बसवतो. हे आदल्या दिवशी करा. पाहुणे बसलेले असताना करू नका.

आपोआप भाषांतर होऊन येणारी मराठी किंवा हिंदी सबटायटल्स वापरू नका. नावं, पदव्या, देवांची नावं यांचा त्यात चुराडा होतो. त्यापेक्षा साधी इंग्रजी बरी.

४. टीव्ही

मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय, बंद करा, नाहीतर १९६४ चं रोम मालिकेच्या सेटसारखं दिसतं. दिवे मालवा.

५. पाहा, आणि वेग वाढवू नका

'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर'च्या पूर्ण प्रतीत सुरुवातीला नुसतं दिमित्री टिओम्किन यांचं संगीत वाजतं. फाइल बिघडलेली नाही. ऐका. मध्यंतर जिथे दिलं आहे तिथेच घ्या. माद्रिदजवळच्या लास मातासला उभारलेला रोमचा फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, त्यात कॅमेरा निवांतपणे दाखवतो. तो सेट खरोखर बांधलेला होता, म्हणून कॅमेऱ्याला घाई नाही. दीडपट वेगाने पाहणाऱ्याला यातलं काहीच मिळणार नाही.

६. इतिहासाच्या चुका नंतर काढा

फोन लांब ठेवा. चित्रपट चालू असताना "हे खरं घडलं का" असं शोधत बसणं मला मान्य नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जरूर शोधा, कारण तिथेही मजा आहे. तेरावा रामसेस झालाच नाही. या नावाचा शेवटचा फाराओ अकरावा. 'आम्रपाली'तली वस्त्रं अजिंठ्यावरून आली, पण अजिंठ्याची बहुतेक चित्रं इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराची, आणि अजातशत्रू बुद्धाच्या काळातला. मध्ये हजारेक वर्षं गेली. तरी पडद्यावर ती पटतात, कारण प्राचीन भारत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर अजिंठाच येतो.

'फाराओन'मध्ये पुरोहित सूर्यग्रहणाचा वापर करून जमाव पांगवतात. ते दृश्य आवडलं तर पुढे रिचर्ड फ्लायशर यांचा 'बराबस' (१९६१) लावा. त्यात येशूच्या क्रूसारोहणाच्या वेळचं ग्रहण खरं आहे: १५ फेब्रुवारी १९६१ चं खग्रास सूर्यग्रहण इटलीत प्रत्यक्ष चित्रित केलेलं. आणि 'फाराओन'चा इजिप्त खरा वाटला असेल तर शादी अब्देल सलाम हे नाव लक्षात ठेवा. त्या चित्रपटाला साहाय्य करणाऱ्या या इजिप्शियन कलावंताने पुढे 'अल-मुमिया' (१९६९) दिग्दर्शित केला. त्याची कथा १८८१ मधली, फाराओंच्या ममींजवळचा ऐवज चोरून विकणाऱ्या टोळीतल्या एका तरुणाची. २००९ मध्ये त्याची नवी, स्वच्छ केलेली प्रत तयार झाली आहे. तीच शोधा.