अपघातानंतर गाडीच्या विम्याची योग्य रक्कम कशी मिळवावी

विमा कंपनीशी करायची बोलणी मंडईतल्या घासाघिशीसारखी नसते. ‘एवढ्यात भागत नाही, थोडे वाढवून द्या’ असे म्हटल्याने क्लेमची रक्कम सहसा वाढत नाही. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसानीचा अंदाज काढण्यासाठी कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाने, केलेली अमुक वजावट विमापत्रातील कोणत्या अटीत बसत नाही, हे लेखी दाखवून दिले तर मात्र वाढण्याची शक्यता असते. येथे विचार केला आहे तो कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारा, विमा असलेल्या आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. कोणी जखमी झाले असल्यास त्याच्या भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि त्याची रीत निराळी आहे.

गाडी हलवण्याआधी नंबरप्लेट दिसेल अशी चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि कंपनीला त्याच दिवशी कळवावे. रस्त्यावर जमलेल्या गर्दीपुढे ‘चूक माझीच, मी भरून देतो’ असे बोलून टाकू नये, कारण कंपनीच्या संमतीशिवाय असे आश्वासन देण्यास विमापत्रातच मनाई असते. तेल किंवा कूलंट गळत असताना गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोहही टाळावा. त्यामुळे इंजिनाचे जे वाढीव नुकसान होते, ते कंपनी देत नाही. टोइंगचा खर्च मूळ विमापत्रात 1,500 रुपयांपर्यंत मिळतो, तेव्हा पावती जपून ठेवावी.

सर्व्हेअर पाहणीला येईल तेव्हा शक्यतो स्वतः गॅरेजमध्ये हजर राहावे. गॅरेजवाला ‘बॉनेट बदलावे लागेल’ म्हणतो आणि सर्व्हेअर ‘डेंटिंगने निघेल’ म्हणतो, असा वाद नेहमीचाच आहे. अशा वेळी गॅरेजकडून तांत्रिक कारणासह लेखी अभिप्राय घेऊन तो सर्व्हेअरला ईमेलने पाठवावा. भाग उघडल्यावर आतले नुकसान दिसले, तर काम थांबवून पुरवणी एस्टिमेट द्यावे, सर्व्हेअरला पुन्हा बोलवावे आणि तोवर काढलेले जुने भाग भंगारात जाऊ देऊ नयेत.

खरी लढाई असते ती घसाऱ्याच्या, म्हणजे जुनेपणापोटी होणाऱ्या कपातीच्या, हिशेबात. झिरो डेप, म्हणजे ही कपात न करण्याचे जादा संरक्षण, जोडलेले नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के, फायबरग्लासवर 30 टक्के घसारा कापला जातो. काचेवर काहीच कापला जात नाही. धातूच्या भागांवरील कपात गाडीच्या वयानुसार वाढत जाते: पहिले सहा महिने शून्य, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. मजुरीला घसारा नाही. रंगकामाच्या एकत्रित बिलातील फक्त 25 टक्के रक्कम साहित्याची धरायची आणि तिच्या निम्मी कापायची, असा नियम आहे, आणि चूक बहुधा नेमकी येथेच सापडते.

समजा, साडेतीन वर्षांच्या, 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीचे बिल जीएसटी वगळून असे आहे: बॉनेट 16,000, बंपर 6,000, पुढची काच 9,000, रंगकाम 12,000, मजुरी 8,000; एकूण 51,000 रुपये. बॉनेटवर 4,000, बंपरवर 3,000 आणि रंगावर 1,500 कापून, प्रत्येक क्लेममध्ये विमाधारकावर सक्तीचे असलेले 1,000 रुपये स्वतः सोसल्यावर 41,500 रुपये मिळायला हवेत. संपूर्ण रंगकामावरच 50 टक्के कापले गेले, तर हातात 37,000 येतील. म्हणून ‘एकूण मंजूर रक्कम’ एवढ्यावर समाधान न मानता भागवार तक्ता व सर्व्हे अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि हरकतही ओळीनिशी घ्यावी.

क्लेम करावा की नाही, हेही आधी तपासलेले बरे. 50 टक्के नो क्लेम बोनसवर, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर, असलेल्या माणसाचा बोनस एका क्लेमने शून्यावर येतो, तो पुन्हा 20, 25, 35, 45 अशा पायऱ्यांनी चढतो, आणि बोनस संरक्षण घेतलेले नसेल तर पाच वर्षांत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या सव्वापट रक्कम जाते. मूळ हप्ता 10,000 असेल, तर 12,500 रुपये. आठ-नऊ हजारांच्या बंपरसाठी क्लेम करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

दुरुस्तीचा खर्च विमापत्रावरील घोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांहून जास्त झाला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीऐवजी पूर्ण किंमत देण्याजोगी, ठरते. तेव्हा ‘आता बाजारात एवढी किंमत येत नाही’ म्हणून कमी रक्कम देऊ केली गेल्यास ती मुकाट्याने घेऊ नये. त्या विमावर्षात आयडीव्ही हीच गाडीची किंमत मानायची आणि तीवर आणखी घसारा लावायचा नाही, अशी तरतूद आहे.

सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या ट्रकच्या अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. रक्कम मान्य नसताना डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे रक्कम मान्य असल्याच्या पावतीवर, सही करण्याचा आग्रह झाला, तर आपली हरकत त्याच दिवशी लेखी नोंदवावी. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे, ज्याची कार्यालये पुण्यात आणि मुंबईतही आहेत. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो अपुरा वाटला तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो, मात्र त्यासाठीची दोन वर्षांची मुदत तोवर उलटू देऊ नये.