पाइनवर स्टेन देताय? या चुका टाळा

पॅलेटमधून निघालेलं किंवा वखारीतून स्वस्तात आणलेलं पाइन रंधून, घासून घेतलं, वॉलनट शेडच्या स्टेनचा (लाकडात मुरणाऱ्या रंगाचा) डबा आणला, फडक्याने पहिला हात फिरवला आणि बघता बघता फळीभर काळपट ढग. मग दुकानदाराला शिव्या आणि दुसऱ्या कंपनीचा डबा. दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो. पाइन सगळीकडे सारखा रंग पीतच नाही. त्याच्या वाढीच्या फिकट, मऊ पट्ट्या स्टेन ढसाढसा ओढतात आणि मधल्या गडद, कठीण रेषा जवळजवळ काहीच घेत नाहीत. म्हणून गडद शेड दिली की लाकूड फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं दिसतं. गाठींच्या आसपास राळ असते, तिथे गोष्ट आणखी बिघडते.

कोऱ्या लाकडावर थेट स्टेन

सगळ्यात मोठी चूक हीच. आधी लाकडाची तहान थोडी भागवावी लागते. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण ६० ग्रॅम चपडा लाख विरघळवून, गाळून त्याचा एक पातळ हात द्या. हाच आपला सीलर. वाळल्यावर ३२० नंबरच्या सँडपेपरने अगदी हलकं घासा आणि मग ऑइल बेस स्टेन लावा. मात्र स्टेन स्पिरिटमध्ये विरघळणारा असेल तर तो खालची लाख उचलतो आणि नवे चट्टे पडतात, म्हणून डब्यावरचा मजकूर आधी वाचा. काही जण उत्साहाने सीलर दाटच मारतात. मग स्टेनला आत शिरायला जागाच उरत नाही आणि तो वर नुसता घसरतो. जेल स्टेन मिळाला तर पाइनसाठी उत्तम, कारण तो घट्ट असतो आणि आत फारसा मुरत नाही.

घासण्यातल्या चुका

सँडपेपर १२०, मग १५०, मग १८० नंबरचा, इथे थांबा. ४०० पर्यंत गुळगुळीत केलेली फळी स्टेन नीट धरत नाही. अपवाद फळीच्या कापलेल्या टोकांचा. तिथे नळ्या उघड्या असल्याने रंग जास्त जातो, म्हणून टोकं मात्र ३२० पर्यंत घासावीत. आडवं घासू नये. ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, पण स्टेन पडला की सगळे वर येतात.

वॉटर बेस स्टेन असेल तर आधी ओल्या फडक्याने फळी पुसा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू २२० ने कापा. नाहीतर पहिल्याच हाताला लाकूड खरखरीत होतं.

सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल वाळला की तिथे स्टेन धरतच नाही आणि फिकट ठिपका राहतो. स्टेनच्या आधी फळीवर थिनर फिरवा. गोंदाची जागा लगेच वेगळी दिसते, तिथे खरवडून घ्या.

लावलं आणि सोडून दिलं

ऑइल बेस स्टेन जास्त वेळ ठेवला म्हणजे रंग गडद येईल, हा गैरसमज. वरचा न पुसलेला थर चिकट राहतो आणि त्यावरचं पॉलिश नीट धरत नाही. गडद हवं असेल तर पुसा, वाळवा, दुसरा हात द्या.

नमुना त्याच फळीच्या तुकड्यावर घ्या आणि वरचा क्लिअर कोट देऊनच शेड ठरवा. दुकानातल्या शेडकार्डचं लाकूड वेगळं असतं. आणि स्पष्टच सांगायचं तर पाइनला साग बनवण्याचा हट्ट सोडावा. मधासारख्या फिकट शेडमध्ये पाइन सुंदर दिसतं, चट्टेही कमी जाणवतात.

चट्टे पडलेच तर

स्टेन ओला असेल तर त्याच्याच थिनरने ताबडतोब पुसा. वाळल्यावर नुसतं घासून तो जात नाही, कारण मऊ पट्ट्यांत तो खोल गेलेला असतो. तेव्हा सीलरचा हात देऊन, वरच्या लॅकरमध्ये थोडा रंग मिसळून पातळ फवारे मारा. ढग पूर्ण जात नाहीत, पण फरक बराच कमी होतो. हे काम पावसाळ्यात नको. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पांढरट पडतं.

ऑइल स्टेनची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेलं वाळताना गरम होतात आणि ढीग आपोआप पेटू शकतो. फडकी मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.